सूचना क्रमांक एक्केचाळीस

आमच्या नियम परिषदेचे वाचक, म्हणजे बैठकीत कलमं वाचून दाखवणारे गृहस्थ, एका जागी पाच मिनिटं बसलेले मी नऊ वर्षांत पाहिले नाहीत. खुर्ची होती त्यांना, चांगली गादीची, पण ती फायली ठेवायला. स्वतः उभे, नाहीतर चालत. माझ्या टेबलापासून जिन्यापर्यंत एकोणतीस पावलं होतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. दिवसातून चाळीस वेळा तरी ती ते मोजत असतील. मी त्यांना दादा म्हणायची. बाकी ऑफिस पाठीमागे 'पोटनियम' म्हणायचं. पोट औषधालाही नव्हतं त्या माणसाला, पण रजा मागा, पंखा मागा, नुसती खिडकी उघडायला सांगा, 'त्याला एक पोटनियम आहे' म्हणून सुरू.

परिषदेचं काम तसं रुक्ष. दिवाणी दावा कसा दाखल करायचा, नोटीस कशी द्यायची, किती दिवसांत उत्तर द्यायचं, उशीर झाला तर काय, हे नियम दर काही वर्षांनी तपासून नवे लिहायचे. लोकांना वाटतं, कायदे मोठमोठ्या सभागृहांत होतात. होत असतील. पण कोर्टाचं दार कुणाला उघडं आणि कुणाच्या नाकावर बंद, हे आमच्या त्या खोलीत ठरतं, जिथली एक खिडकी धड लागत नाही आणि पाच सभासदांत मिळून चारच कप शाबूत आहेत.

आमची एक पद्धत होती. मसुदा वर्तमानपत्रात छापून यायचा आणि साठ दिवस कुणीही पत्राने सूचना करायची. पत्र आलं की दादा लिहिणाऱ्याच्या नावापत्त्यावर खाकी कागदाची पट्टी चिकटवायचे, वर क्रमांक घालायचे आणि मग ते माझ्याकडे टंकायला यायचं. सभासदांनी माणूस बघू नये, म्हणणं बघावं, म्हणून ही पट्टी. मग बैठकीत दादा एकेक कलम मोठ्याने वाचणार, त्यावरच्या सूचना वाचणार आणि मनात दहा अंक मोजणार. दहापर्यंत कुणाची पेन्सिल वर झाली नाही, की कलम मंजूर. मौन म्हणजे संमती, दुसरं काय!

सूचना क्रमांक एक्केचाळीस आली, त्या दिवसापासून दादांची पावलं एकोणतीसवरून पंचवीसवर आली, इतके ते ताडताड चालायला लागले. चहा गार होऊ द्यायचे. एकदा तर आठव्या कलमावरची सूचना नवव्याच्या गठ्ठ्यात लावली, आणि ती त्यांची नोकरीतली पहिली चूक असावी. शेवटी मीच जिन्यापाशी त्यांना गाठलं.

"दादा, काय झालंय? वहिनी बऱ्या आहेत ना?"

"एक्केचाळीस टंकलीस?"

"टंकली. शिवणकाम करणाऱ्या बाईंची. वाईट वाटलं वाचून."

"ती ताई आहे माझी. सख्खी. मला न सांगता पाठवलंय पत्र. नाव मी कधी वाचत नाही. अक्षर ओळखलं, तेव्हा पट्टी लावून झाली होती."

ताईंची गोष्ट मला तुटक तुटक माहीत होती, आता सगळी कळली. मुलगी दिवस गेल्यापासून अंथरुणाला खिळलेली, म्हणून ताई शिवणाचं दुकान बंद करून सात महिने तिच्याकडे राहिल्या. तेवढ्यात जागेच्या मालकाने, 'बाई दुकान सोडून गेली' म्हणून दावा टाकला. नोटीस बंद दारावर चिकटवली. ताई हजर नाहीत म्हणून निकाल एकतर्फी, मालकाच्या बाजूने. असा निकाल रद्द करून मागायला जुन्या नियमाप्रमाणे तीस दिवस, आणि तेही निकालाच्या तारखेपासून. ताई परतल्या चौतिसाव्या दिवशी. अर्ज न ऐकताच फेटाळला. वरच्या कोर्टात अपील पडून होतं, आणि ताई दादांच्या स्वयंपाकघरात खिडकीशी मशीन लावून लोकांची उसवलेली कापडं शिवत होत्या.

आता नव्या मसुद्यात चौदावं कलम नेमकं यावर होतं. सभासदांतल्या प्राध्यापकांनी सुचवलं होतं की तीस दिवस निकाल कळल्यापासून मोजावेत. आणि शेवटचं कलम सांगत होतं, की हे नियम पडून असलेल्या प्रकरणांनाही लागू होतील. म्हणजे चौदावं कलम तसंच मंजूर झालं, तर ताईंचं दुकान परत मिळण्याची वाट उघडत होती.

"मग सांगा की अध्यक्षांना," मी म्हटलं. "नातलगाचा संबंध असेल तर आधी सांगायचं आणि बाहेर जायचं, असं आपण सही करून दिलंय."

"सांगितलं, तर तिचं पत्र बाजूला ठेवतील. आणि नाव कुठे आहे त्यावर? क्रमांक आहे. क्रमांकाला कसलं आलंय नातं?"

उभं आयुष्य नियम वाचण्यात गेलेल्या माणसालाच असली पळवाट सुचते. मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मलाही ती पळवाट आवडली होती. पण दादांना स्वतःला ती पचत नव्हती. रोज सकाळी 'आज सांगतो' म्हणायचे, आणि संध्याकाळी न सांगताच जिना उतरायचे. असे एकवीस दिवस गेले.

बैठकीच्या दिवशी ते खिडकीपाशी उभे राहून वाचत होते. आवाज नेहमीसारखा सपाट. चौदावं कलम आलं, तसा आमच्या ज्येष्ठ वकीलसाहेबांनी पेन्सिल उचलली. "हे 'कळल्यापासून' नको. उद्या जो तो म्हणेल, मला आजच कळलं. वर्षानुवर्षं कुणाला काही कळणारच नाही!" सगळे हसले. बोलणं खोटंही नव्हतं.

मग दादांनी सूचना वाचल्या. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.

"'नोटीस माझ्या बंद दारावर लावली. बंद दार वाचायला कोण येतं? मी आले तेव्हा कुलूप दुसरं होतं. कोर्टाने सांगितलं, चार दिवस उशीर झाला. जे दिवस मला माहीतच नव्हते, ते माझ्या नावावर कसे मोजले? उशीर करायलासुद्धा माणसाला आधी वेळ कळावी लागते.'"

अध्यक्षा म्हणजे निवृत्त न्यायाधीश, कडक बाई. त्यांनी चष्मा काढला. "परत वाचा."

दादांनी परत वाचलं. या वेळी आवाज तितका सपाट राहिला नाही.

वकीलसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "घाला 'कळल्यापासून'. फक्त कधी कळलं, ते अर्जदाराने पुराव्याने दाखवावं." सगळ्यांनी माना डोलावल्या. दादांनी दुरुस्त कलम वाचलं आणि मोजायला लागले. मीही मनात मोजत होते. देवा, दहा होऊ दे लवकर, एवढंच माझ्या मनात. सहा झाले, सात झाले.

"मॅडम," दादा म्हणाले, "एक्केचाळीस माझी सख्खी बहीण आहे. मी आधीच सांगायला हवं होतं. तिचं अपील पडून आहे."

मला तर उठून त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. तीन अंक राहिले होते, फक्त तीन!

अध्यक्षांनी आवाज चढवला नाही. "तुम्ही बाहेर थांबा. पुढचं या वाचतील," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दादा बाहेर गेले. दार लागलं आणि बाहेर पावलं सुरू झाली. जिन्यापर्यंत, परत दारापर्यंत, परत जिन्यापर्यंत. आत अध्यक्षा बोलत होत्या, की एक्केचाळीस बाजूला ठेवू, पण कलम योग्यच आहे, आणखी दोन पत्रंही तेच सांगतात, म्हणून ते राहील. माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. "मात्र हे एक कलम पडून असलेल्या प्रकरणांना लागू नको. यापुढच्या दाव्यांनाच."

"अशी इतरही माणसं असतील, मॅडम," प्राध्यापक हळूच म्हणाले. "त्यांचं काय?"

"असतील. मला वाईट वाटतंय. पण उद्या कुणी म्हणायला नको, की परिषदेने आपल्या माणसाच्या बहिणीसाठी नियम केला."

मी नवी ओळ वाचली आणि मोजायला लागले. इतकं सावकाश मी आयुष्यात काही मोजलं नसेल. एकेका पेन्सिलीकडे बघत होते, एकेका तोंडाकडे. प्राध्यापकांचा हात जरासा हलला आणि कपाकडे गेला. पेन्सिल माझ्याही हातात होती, पण ती लघुलेखनाची. दहा झाले. कलम मंजूर झालं. राग आला मला, अध्यक्षांचा, दादांचा, त्या चांगल्या नियमाचासुद्धा.

संध्याकाळी दादा म्हणाले, "तू चल घरी. मला एकट्याला सांगवणार नाही." वाटेत ते माझ्यापुढे दहा पावलं चालायचे, थांबायचे, परत मागे यायचे.

ताई मशीनवर होत्या. दादांनी उभ्याउभ्याच सांगितलं, काही न लपवता. ताईंचा पाय थांबला.

"तुला कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग? तोंडाला कुलूप लावता येत नव्हतं तुला? सात अंक गप्प बसलास ना, आणखी तीन बसवेना?"

"नाही बसवलं, ताई."

ताईंनी सुईखालचं कापड सोडवून बाजूला ठेवलं. मग माझ्याकडे वळल्या. "पत्र वाचलं याने? सगळं? का मधलंच थोडं?"

"सगळं. दोनदा," मी म्हटलं. "अध्यक्षांनी परत वाचायला सांगितलं."

"परत? त्या न्यायाधीश होत्या ना?"

"हो. चष्मा काढून ऐकत होत्या."

"कोर्टात मी सहा खेपा घातल्या," ताई म्हणाल्या. "मला कुणी नाव सांगण्यापलीकडे तोंड उघडू दिलं नाही." त्यांनी मला पुन्हा विचारलं, वकील काय म्हणाला, कुणी हसलं का, पेन्सिल खाली ठेवली म्हणजे कशी ठेवली. मी सगळं करून दाखवलं. ऐकताना त्यांचा चेहरा सैल होत गेला, आणि दादा पहिल्यांदाच स्टुलावर टेकले.

मग ताईंनी डोळे पुसले आणि दोघांकडे आळीपाळीने बघत अगदी साध्या आवाजात विचारलं, "एवढं सगळ्यांना पटलं होतं, तर माझं दुकान का नाही दिलं रे त्यांनी?"

दादा उठून उभे राहिले. खिडकीपासून दारापर्यंत सहाच पावलं होती, ती मोजत चालायला लागले.