दिल्लीची परीक्षा आणि लालबागची खोली

मे महिन्यात अख्खी मुंबई कोकणात उतरते आणि आम्ही मायलेकी उलट्या निघालो! माझ्या समिधाला केंद्रीय विद्यापीठात इतिहास शिकायचाय. तसलं विद्यापीठ कणकवलीत नाही हे समजू शकते. पण मुंबईतही नाही, म्हणून दिल्ली. आणि त्या प्रवेश परीक्षेचं केंद्र आलं दादरला.

जाताना बस रिकामी, तिकीट स्वस्त. परतीचं मात्र आधीच काढून ठेवा, सुट्टीत दुप्पट घेतात. सकाळी लालबागला उतरलो. लॉजचे भाव ऐकून मी केव्हाच गावच्या खोलीचा पत्ता मिळवला होता. गिरणीत आलेल्या आमच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून चाळीत घेतलेली ही खोली. प्रत्येक घराची तिथे एक पेटी. गिरण्या गेल्या, पेट्या आहेत.

खोलीचे कारभारी तात्या, माझे चुलतसासरे. चहा पाजला, आणि दिल्लीचं ऐकून असे भडकले!

"टॅक्स आमी भरूचो आणि इद्यापीठां दिल्लीवाल्यांका? आमची पोरां काय वाटेर पडली हत?"

मला इतकं बरं वाटलं! मी पिशवी आत ठेवायला गेले.

"शकू गो, हय बायलमाणसांनी रवाचा नाय. पयल्यापासूनचो नेम आसा."

माझं डोकंच फिरलं. पण समिधा शांतपणे म्हणाली, "आजोबा, वर्गणी आमच्या घरातूनही येते ना? मग आम्ही काय वाटेवर पडलोय?"

तात्या उठले. मग चटई उचलून गॅलरीत गेले. मागोमाग खोलीत राहणारे बाकीचे पुरुष, कुरकुरत. "पण नेम बदललो नाय हां!" तात्यांनी बाहेरून बजावलं.

दुसऱ्या दिवशी केंद्राबाहेर गिरगावच्या एक बाई घाम पुसत म्हणाल्या, "केवढं लांब सेंटर दिलंय मेल्यांनी!" मी मान हलवली. आम्ही आपल्या कणकवलीहून! पेपर बरा गेला. मग दादरला थालीपीठ आणि पियूष, दोन्ही झकास.

घरी आलो. लालबागचा चिवडा दोन दिवसांत संपला, तात्यांचा नेम मात्र घशात अडकून राहिला. पुढे समिधाला दिल्लीत प्रवेश मिळाला. मी आनंदाने रडले, आणि पोर इतकी लांब जाणार म्हणूनही रडले. तात्यांचा फोन आला. सगळ्या चाळीला पेढे वाटले होते म्हणे.

"आमच्या गावचा चेडू दिल्लीक!" मग आवाज उतरला. "पण थंय रवतला खंय गो ता?"

"हॉस्टेलात, तात्या. तिथे मुलींना राहू देतात."