पॅनलमागची भिंत

वासाचं मला पहिल्यापासून कळतं. दूध नासलेलं कोणालाही कळतं, मला ते नासायला निघालं की कळतं. नात म्हणते, "आजी की नाक है कि पुलिस का कुत्ता." म्हणू दे. त्या नाकानंच मला सांगितलं, नाहीतर आमच्या ह्यांचं काय झालं असतं कोण जाणे.

आधी आम्ही जुन्या रायपुरात, चौबे कॉलोनीत भाड्यानं राहत होतो. हे रेल्वेतून रिटायर झालेले, दम्याचे. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी संध्याकाळी काढल्या की बोटं काळी व्हायची, अशी त्या शहराची धूळ. मुलगा सरकारी नोकरीत. त्याचं ऑफिस नव्या रायपुरात गेलं तेव्हा त्यानं तिकडेच फ्लॅट घेतला. म्हणाला, "बाबा, तिकडे हवा साफ आहे. तुमचा पंप सुटून जाईल." पंप म्हणजे तो तोंडात फुस्सकन मारायचा, दम्याचा. ह्यांना धड श्वास घेता यावा एवढ्यासाठीच मी तयार झाले, नाहीतर माझ्या साऱ्या मैत्रिणी चौबे कॉलोनीतच राहिल्या.

हवा साफ होती, खोटं कशाला बोलू. पण ती बाहेर. वरचा मजला, उन्हाळ्यात छत असं तापायचं की पंखा लावला तर तोंडावर वाफ यायची. म्हणून एसी. एसी म्हणून खिडक्या बंद. जुन्या घरी खिडकीत खसचा कूलर होता, समोरचं दार उघडं असायचं, हवा एकीकडून यायची नि दुसरीकडून निघून जायची. इथे पाच माणसं एकमेकांचा उष्टा श्वास फिरवून फिरवून घेत होतो, कालच्या फोडणीसकट.

पावसाळ्यात आमच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. भिंतीच्या पलीकडे बाथरूम. आधी पुट्टी फुगली, मग पोपडे पडले, मग खालून काळे ठिपके चढायला लागले. बिल्डरचा माणूस येऊन भिंतीवरून हात फिरवून गेला. "बारिश है माताजी, सूख जाएगा," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

तेवढ्यात महालक्ष्म्या तोंडावर आल्या. आम्हा विदर्भाकडच्यांच्या घरी भादव्यात महालक्ष्म्या बसतात. आंबील, पुरण, सोळा भाज्या, जेवायला सवाष्णी. नव्या घरातल्या पहिल्याच, आणि मांडायच्या आमच्या खोलीत, कारण हॉलमधून सोफा हलवायला कोणी तयार नव्हतं. सूनबाईला त्या भिंतीची लाज वाटली. मुलानं प्लॅस्टिकचे पॅनल आणले, संगमरवरासारखे दिसणारे, मध्ये सोनेरी पट्टी. एका दुपारात भिंत झाकली गेली. सगळे वा वा करायला लागले.

मी म्हटलं, "अरे, आणि ओल?"

"आई, आता ती दिसणार नाही."

हे उत्तर मी अजून विसरले नाही.

सवाष्णी जेवायला बसल्या आणि मला वास आला. ओलं गोणपाट कोपऱ्यात पडून राहिलं की येतो तसला. सूनबाईनं घाईनं धूप लावला. माझी नणंद नागपुरातून आली होती, तोंडाची फटकळ. आंबिलीचा भुरका घेता घेता म्हणाली, "वहिनी, महालक्ष्मीच्या मागं काही मेलं हाये का वं?" साऱ्या पदर तोंडाला लावून हसल्या. सून रडकुंडीला आली.

त्या दिवसापासून त्या खोलीत सकाळ-संध्याकाळ धूप. ओलीचा वास त्यानं जात नसे, त्याच्याखाली पडून राही. ह्यांची छाती मात्र वाजायला लागली, शिट्टीसारखी. झोपायचे ते पाठीला दोन उशा लावून, बसूनच. डॉक्टरांनी विचारलं, घरात धूर, ओल काही? मुलगा म्हणाला, "नवा फ्लॅट आहे, सर." डॉक्टरांनी पंप वाढवून दिला.

दसऱ्याला नणंद परत राहायला आली. ती माझ्या खोलीत झोपायची, म्हणून हे हॉलमधल्या दिवाणावर. एका दुपारी मी पाहते तर हे एका उशीवर आडवे, तोंड उघडं, घोरताहेत. कितीतरी दिवसांनी त्यांना आडवं झोपलेलं पाहिलं. आणि आतून नणंद शिंकत बाहेर आली. "वहिनी, तुह्या खोलीत माहं नाक वाहून राहिलं." ती गेली, हे परत आपल्या खोलीत आले, आणि परत दोन उशा, परत शिट्टी.

मग मला शंका उरली नाही. मुलाला सांगितलं, पॅनल काढ.

"आई, काढलं तर तुटेल. थंडी में देखते हैं."

"तोवर बाबा?"

"बाबांचा दमा जुना आहे, आई."

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला. मी स्वयंपाकघरातून उलथणं आणलं. हे दारात उभे. "काय करून राहिली वं?"

"भिंत पाहते. तुम्ही हॉलमध्ये बसा."

"खजिना गावला तर मले अर्धा देजो."

त्यांना हाकललं, दार लावलं, खिडकी उघडली, पदर नाकाला बांधला. सोनेरी पट्टीखाली उलथणं घातलं आणि जोर केला. पॅनल चरचरत सुटलं. मागं सारी भिंत काळी. काळी म्हणजे रंग नव्हे, लव आलेली, भिजलेल्या कुत्र्याच्या पाठीसारखी. झुरळं सरसरत छताकडे पळाली. खाली पुट्टीचा लगदा झाला होता, त्यात वळवळणारं काहीतरी पांढरं. वर बाथरूमच्या पाइपाच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. पाऊस केव्हाच संपला होता. नात दार किलकिलं करून डोकावली नि म्हणाली, "छी आजी, ये तो ज़िंदा है."

ह्याला टेकून आम्ही महालक्ष्म्या बसवल्या होत्या. ह्याच्यासमोर नैवेद्य दाखवला होता. आणि ह्याच्याकडे डोकं करून हे रोज बसून झोपत होते. 

मुलगा आला तो आधी तुटलेल्या पॅनलकडे पाहून म्हणाला, "मला विचारायचं तरी."

"विचारलं होतं."

त्यानं भिंतीला बोट लावलं, वास घेतला, आणि तोंड दाबून बेसिनकडे गेला. मग परत आला. बापाच्या दोन्ही उशा उचलल्या आणि हॉलमध्ये नेऊन ठेवल्या.

पाइप बदलला. भिंत खरवडून उघडी ठेवली, खिडक्या उघड्या, पंखा चालू, धूप बंद. वाळायला सारा हिवाळा लागला. पंप काही सुटला नाही, तो सुटणारही नाही. पण शिट्टी गेली.

आमच्या कॉलनीत आता घरोघरी असले चकचकीत पॅनल आहेत. कोणाकडे बसायला गेले की माझी नजर त्या सोनेरी पट्टीवर जाते. मी भिंतीपासून लांबची खुर्ची घेते.

पुढल्या महालक्ष्म्यांना सूनबाईनं विचारलं, "आई, मागं जरीची साडी लावू का? नुसतं सिमेंट दिसतंय."

"दिसू दे," मी म्हटलं. "महालक्ष्मीलाही जरा वारा लागू दे."

सवाष्णी जेवून गेल्या. हे त्याच खोलीत, महालक्ष्म्यांसमोर सतरंजी टाकून आडवे झाले, एका उशीवर. दुसरी उशी यंदाही आलेल्या नणंदेनं कधीच डोक्याखाली घेतली होती.