यॉर्कच्या बसमध्ये धरलेली जागा

आधीच सांगते – भुतंखेतं, करणी, बाहेरची बाधा, यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी तोंडावर टिंगल करायचे. पण हे माझ्यासमोर घडलंय, भर दुपारी, आणि गेले कित्येक महिने मी ते एकटी उरावर घेऊन बसलेय. नारळ उतरवून टाका, अमक्या देवाला जाऊन या असले सल्ले प्लीज देऊ नका. 'तुला भास झाला असेल' हे तर अजिबातच नको. ते मी स्वतःला शंभरदा सांगून झालंय.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला एका हॉस्पिटलच्या आयटीत आहे. आई गेल्यापासून बाबा साताऱ्याला एकटेच राहतात. त्यांनी दर वर्षी सहा महिने तरी माझ्याकडे यावं म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते. शेवटी कसेबसे आले, पण अटीवर – "करमलं तर येत जाईन, नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही." म्हणजे ही माझी परीक्षाच होती! ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी त्यांना यॉर्क दाखवायला नेलं.

जुनं शहर. तटाच्या आतले रस्ते इतके अरुंद की तिथे गाडी घालणं मूर्खपणा आहे. म्हणून पाहुण्यांना नेताना सगळे करतात तेच मी केलं – गावाबाहेरच्या पार्क अँड राइडला गाडी लावली, तिथून डबलडेकर बसने आत जायचं. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे पुढे टूरवाली उघडी बस, नाहीतर टॅक्सी. चालणं कमीत कमी. सगळं नीट ठरवलं होतं हो मी.

बस उभीच होती. मी तिकिटं काढेपर्यंत बाबा गुडघे विसरून वर पोचले सुद्धा. "पुढची जागा धरतो गं!"

मी वर गेले तर अख्खा मजला रिकामा. सगळ्यात पुढे, डावीकडच्या खिडकीशी बाबा. आणि शेजारच्या सीटवर त्यांचा चौकड्यांचा रुमाल. मला हसू आलं आणि रागही.

"बाबा, इथे रुमाल टाकून जागा धरत नाहीत. आणि वर आहे कोण?"

"तेच तर! कोणी नाही, तरी दोनदा खाली पडला. आता हाताने दाबून धरलाय. बस पटकन."

त्यांनी हात काढला, मी बसले... आणि ताडकन उठले. लिहितानाही किळस येतेय. ती सीट नव्हती. गर्दीत चुकून कुणाच्या मांडीवर बसावं, तसं ते लागलं. कडक आणि गार.

बाबांनी माझा चेहरा पाहिला. आयुष्यभर एसटीत जागेसाठी भांडलेला माणूस, मागे हटणार थोडाच! त्या रिकाम्या सीटकडे वळून म्हणाले, "एक्सक्यूज मी. धिस सीट इज फॉर माय डॉटर." आणि वर कोपराने ढकललं.

बस सुटली. बाबांचा खांदा हळूहळू काचेला चिकटला. मग गालही. चेहरा लाल झाला. "मेधा... त्याला सरकायला सांग ना," ते कसेबसे म्हणाले. मी त्यांचा हात धरून ओढत होते, पण ते तसूभर हलेनात.

तेवढ्यात स्पीकरवर, खाली कॅमेऱ्यात वरचा मजला बघणाऱ्या ड्रायव्हरचा आवाज – वर उभं राहू नका. मला वाटलं, मला म्हणतोय. मी पलीकडच्या सीटवर टेकले. पुन्हा आवाज, या वेळी चिडलेला. "वर पुढे उभा असलेला जंटलमन, खाली बसा."

पुढच्या स्टॉपवर बस थांबवून तो अर्धा जिना चढून आला. "तुमच्या त्या माणसाला उतरवा. म्हाताऱ्याच्या अंगावर रेललाय तो. नाहीतर बस हलणार नाही."

"आम्ही दोघंच आहोत!"

"मॅडम, मला दिसतंय ना."

माझी सणकली. ब्राउन माणसं दिसली की यांना टोळीच दिसते, असंच मला वाटलं, आणि मी ते बोललेही. त्याने फक्त दाराकडे बोट केलं. खाली उतरल्यावर बाबांना श्वास मिळाला.

रस्त्यापलीकडे टॅक्सी उभी होती. ड्रायव्हर लाहोरकडचा, अगदी अदबीने बोलणारा. दार उघडायच्या आधी त्याने बाबांच्या मागे पाहिलं. "सिस्टर, आप और अंकल बैठो. वो नहीं."

"वो कौन?"

त्याने दारं लॉक केली आणि निघून गेला. आता वर्णद्वेष तरी कसा म्हणू? पुढे टूर बसची तिकिटं देणारी मुलगी आम्हाला येताना बघूनच दोन पावलं मागे सरली, मान हलवत "नो, सॉरी, नो" म्हणाली. अख्खं शहर आमच्यावर उठलं होतं. मला रडू फुटलं. जे बघायला आलो होतो ते कॅथीड्रल राहू दे, गाडीपर्यंत परत कसं जायचं तेच कळेना.

बाबा बाकावर बसून होते. म्हणाले, "मेधा, जरा लांब उभी राहा."

"का?"

"लांब!" बाबा माझ्यावर असे कधीच ओरडले नव्हते.

मग ते शेजारच्या मोकळ्या जागेकडे वळले. घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं, मराठीत म्हणाले, "जागा तुमचीच. मी उगाच वाद घातला. चला, माझ्याबरोबर बसा. पण हिच्या वाटेला जायचं नाही."

परतीच्या बसने आम्हाला मुकाट्याने घेतलं. बाबा खिडकीची जागा सोडून कडेला बसले, निम्मे बाहेर. मी जवळ गेले तर म्हणाले, "इथे नको. मागे बस." गाडीतही ते माझ्याशेजारी बसले नाहीत. मागच्या सीटवर बसले, स्वतःचा बेल्ट लावला, मग हात लांब करून पलीकडचाही लावला. मी आरशात पाहिलं. तो पट्टा सीटला टेकला नव्हता.

घरी आल्यावर पाहिलं, त्यांचा डावा दंड काळानिळा झाला होता. त्याच आठवड्यात त्यांनी परतीचं तिकीट बदलून घेतलं. मी भांडले, पाया पडले, डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. "तुझ्या घरात नको हे," एवढंच म्हणाले. माझ्या घरात तेव्हापासून काहीही झालेलं नाही. मी हरले, बाबा साताऱ्याला परत गेले, आणि घर मात्र अगदी शांत आहे.

मी यॉर्कला नंतर एकटी जाऊन आले, मुद्दाम त्याच बसने, वर पुढे बसून. काही नाही. जुन्या बातम्या शोधल्या, लोकांना विचारलं. काही नाही. कोण होता, बाबांचाच माग का धरला, मला आजही सांगता येत नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, "बाबा, मेमध्ये रजा टाकतेय. येते तुमच्याकडे राहायला."

तिघं बसतील एवढ्या सोफ्यावर बाबा पार टोकाला, अंग चोरून बसले होते. त्यांनी शेजारी पाहिलं.

"नको गं," ते म्हणाले. "जागा नाही."