आमच्या मेव्हण्यांचे वॉलरस

वॉलरस हा प्राणी आमच्या हिच्या थोरल्या बंधूंइतका जगात कुणालाच कळलेला नाही, आणि हे गृहस्थ भाटघर धरणापलीकडचं पाणी पाहायलाही कधी गेलेले नाहीत. टीव्हीवर त्यांना एकदा तो सुळेवाला, मिशाळ, म्हशीच्या दुप्पट देहाचा प्राणी दिसला आणि ते त्याचेच होऊन गेले. भातलावणीत चिखलात हात घातला की बायकांना सांगणार, "वॉलरस असाच समुद्राच्या तळाला मिशांनी चाचपून शिंपल्या हुडकतो बरं का. डोळ्याचं काय काम न्हाई!" जेवणानंतर सगळ्या पाहुण्यांना एकाच सतरंजीवर खेटून आडवं करणार. त्यांचं कोपर माझ्या बरगडीत रुतलं म्हणून मी कुरकुरलो, तर म्हणाले, "बर्फावर ते असंच एकमेकाच्या अंगावर पडत्यात, दाजी. सुळा टोचला तरी कोन उठत न्हाई."

हे सगळं चाललं असतं, पण लेकीच्या लग्नाची वेळ आली. वहिनी गेल्यापासून पोरीला त्यांनीच वाढवलेलं. स्थळ आलं की हे पोह्यांआधी वॉलरस वाढायचे. कामथडीची मंडळी तर अर्धा चहा टाकून उठली. मग कापूरहोळचा मुलगा आला, ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज असलेला. तो पोरीला फोटोतच आवडला होता. "आत्या, आज बाबांना आवर गं," असं तिने हिला रडवेली होऊन सांगितलं, आणि हिने भावाला दम भरला.

बिचारे खरंच गप्प बसले. पण मुलाच्या काकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "मुलीला गाणं येतं का?" आणि बांध फुटला.

"पोरगी कशापायी गाईल? वॉलरसमदी नर गातो! गारठलेल्या पान्यात, घंटा वाजावी तसा. माद्या बर्फावर बसून ऐकत्यात अन् मंग ठरवत्यात. म्हना पाव्हणं, काय येतंय ते!"

बैठक थिजली. दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभ्या पोरीचा चेहरा पार उतरला. मुलाने एकदा काकांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि चक्क आरती सुरू केली. सूर गॅरेजमधलाच होता. दुसऱ्या कडव्याला तो अडला, तेव्हा पोरगी खुदकन हसली आणि दारातूनच तिने पुढची ओळ लावून दिली. सुपारी त्याच दिवशी फुटली.

पाठवणीला सगळं गाव रडलं, मेव्हणे मात्र कोरडे. "पिल्लू आईपाशी दोन-तीन वर्सं ऱ्हातं, मंग आपल्या वाटंनं जातं," असं ते वऱ्हाडाला समजावत होते.

परवा मी सहज भाटघरला गेलो. घर गप्प होतं. बरं वाटावं म्हणून मीच वॉलरसचा विषय काढला. त्यांनी अंगणाकडे पाहिलं.

"दाजी," ते म्हणाले, "पिल्लू कुठं जातं, काय खातं, समदं ठावं हाय मला. मागं ऱ्हातं त्याचं काय व्हतं, ते कुनी सांगितलंच न्हाई."

फाट्यावर शेवटच्या एसटीचा हॉर्न वाजला. मी उठलो नाही.