गिरणीच्या नोटेला हळद

स्लायगो या आयरिश गावात राहणारी मराठी बाई पोलंडच्या जुन्या नोटा का जमवते, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता मी उत्तरच देत नाही. माझी मर्जी. कुणी साड्या जमवतं, कुणी ओळखी जमवतं. मी नोटा जमवते, आणि त्याही सरकारी नव्हेत, कारखान्यांच्या.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या धामधुमीत पोलंड स्वतंत्र होत होता. देश मिळाला, झेंडा मिळाला, पण लोकांच्या हातात धड चलन नव्हतं. तेव्हा कित्येक गावांनी आणि कारखान्यांनी स्वतःच नोटा छापल्या. हलका कागद, एका रंगाची शाई, खाली मालकाची सही. गिरणीतल्या बाईने ती नोट वाण्यापुढे धरायची आणि वाण्याने ती घ्यायची, एवढाच तिचा आधार. मी मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात काम करते. तिथे कॅन्टीनमध्ये एका पोलिश सहकाऱ्याने मला ही हकिकत सांगितली आणि मी त्या नोटांच्या प्रेमातच पडले. कुणाच्या परवानगीची वाट न बघता चाललेला पैसा! माझ्या स्वभावाला हे फार मानवलं.

२०२० साली सांगलीहून माझ्या सासूबाई चार दिवस आमच्याकडे राहावं म्हणून आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकल्या. नवरा राजधानीजवळच्या सिटीवेस्टमधल्या कंपनीचं काम मागच्या खोलीतून करायचा. माझा कारखाना चालू होता, त्यामुळे मी रोज बाहेर. सासूबाईंना ना भाषा, ना शेजार. त्यात घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी. पण बाई खमकी. थोड्याच दिवसांत त्यांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, डबे हलवले, मसाल्यांची जागा बदलली, आणि वरच्या पट्टीत माझ्या पोळ्यांना नावं ठेवली. आमची भांडणं जुंपायची आणि मला ती आवडायचीही.

संध्याकाळी मी अल्बम उघडला की त्या शेजारी येऊन बसत.

“ह्येच्यावर राजा न्हाई, गांधीबाबा न्हाई. ही कसली नोट गं?”

“कारखान्याची आहे, आई. सरकारकडे पैसाच नव्हता, मग गिरणीने छापली.”

“मंग चालायची का?”

“चालायची की. दुकानदार घ्यायचा.”

“मंग लक्ष्मीच झाली,” त्या म्हणाल्या आणि नोटेला हात लावून तो कपाळाला लावला. मी हसले.

त्या शरद ऋतूत ड्रोहेडा गावातल्या एका पोलिश बाईकडून मला एका छोट्या कापड गिरणीची नोट मिळाली. पोस्टाने, पुठ्ठ्यात बांधून. तशी दुसरी नोट मी कुठल्याही लिलावात पाहिली नव्हती. नाणी-नोटा जमवणाऱ्यांचं इथे एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा स्क्रीनवर भेटणारं. त्यांच्या ऑनलाइन प्रदर्शनात माझ्या नोटा पहिल्यांदाच लागणार होत्या, आणि ही नोट सगळ्यांच्या पुढे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी शिफ्ट संपवून घरी आले. आमचे देव स्वयंपाकघरातल्या एका प्रेसमध्ये असतात. कपाटाला इथे प्रेस म्हणतात आणि सासूबाईंनाही तोच शब्द बसला होता. प्रेसचं दार सताड उघडं, समया तेवताहेत, झेंडूऐवजी कुठलीशी पिवळी सुपरमार्केटची फुलं. चौरंग म्हणून पालथा ठेवलेला ट्रे, आणि त्यावर नव्या युरोच्या नोटांच्या वर, मधोमध, माझी गिरणीची नोट. तिच्यावर ओल्या बोटाने लावलेली हळद, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता.

मी ओरडले. का ओरडू नये? अख्ख्या अल्बममधून त्यांनी नेमकी तीच काढली होती, सगळ्यात मोलाची कुठली हे मीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं म्हणून. लक्ष्मीपुढे घरातली सगळ्यात चांगली नोट ठेवायची, हे त्यांना जन्मभर माहीत. आणि हळदीचा डाग निघत नाही, हे मला जन्मभर माहीत. मी म्हटलं, “आई, तुम्ही नोटेचं वाटोळं केलंत.”

दुसऱ्या दिवसापासून त्या पाहुण्या झाल्या. दिलं तर खायचं, सांगितलं तर उठायचं. दिवा लावायलाही प्रेस उघडेनात. “मी कशाला हात लावत न्हाई,” एवढंच. मी विनवलं, चिडले, मुद्दाम मसाल्याचे डबे चुकीच्या जागी ठेवून पाहिले. काही उपयोग नाही. ज्या बाईला गावी परत जाता येत नव्हतं, तिचं इथलं घरही गेलं होतं. रोज कारखान्यातून येताना मला त्या खुर्चीवर मांडीत हात घेऊन बसलेल्या दिसायच्या.

मंडळाची पुढची सभा रविवारी दुपारी होती. मी स्वयंपाकघरातच लॅपटॉप उघडला. सासूबाई समोर बसल्या होत्या. मी नोट होती तशी कॅमेऱ्यापुढे धरली.

प्रदर्शनाचे आयोजक बँकेतून निवृत्त झालेले सभ्य गृहस्थ होते. इथे तोंडावर ‘नाही’ असं कुणी म्हणत नाही. ग्रँड, ग्रँड म्हणत तुम्हाला दारापर्यंत पोचवतात. ते म्हणाले, नोट छानच आहे, पण तिच्या चिठ्ठीवर ‘विद्रूप केलेली’ असं लिहावं लागेल. किंवा एक माणूस आहे, तो रसायनाने डाग काढून देतो, कागद थोडा जाईल, पण बघा.

“मागच्या महिन्यात तुम्ही एक नोट दाखवलीत,” मी म्हटलं, “तिच्या पाठीवर कुणीतरी पेन्सिलीने हिशेब केला होता. त्याला तुम्ही इतिहास म्हणालात.”

“ते वेगळं. तेव्हा ती नोट वापरात होती.”

“ही पण वापरात होती. आमच्याकडे वर्षातून एकदा पैशाची पूजा करतात. खेळण्यातल्या पैशाची करत नाहीत, खऱ्या पैशाची करतात. माझ्या सासूबाईंनी हिला खरा पैसा मानलं. वाण्याने मानलं तेव्हा चाललं, मग त्यांनी मानलं तर घाण कशी? तुमच्या अल्बममधल्या नोटेला शेवटचं कुणी पैसा मानलं होतं?”

आयोजक म्हणाले, भावना समजते, पण नियम म्हणजे नियम, शब्द तोच राहील. मी म्हटलं, मग माझी एकही नोट लागणार नाही. सगळ्या काढून घेते. आणि लॅपटॉप मिटला. प्रदर्शन गेलं याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो शब्द मी त्या नोटेखाली लागू देणार नव्हते.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही. पण आवाज कुणाला कळत नाही?

“काय म्हनत हुता त्यो?”

“म्हणत होता, नोट बाद झाली.”

बाद हा शब्द त्यांना नीट माहीत होता. नोटबंदीत बँकेच्या दारात उन्हात उभ्या राहिलेल्या बाईला तो समजावून सांगावा लागत नाही. त्या पुढे सरकल्या.

“सरकारनं केली?”

“नाही, आई. ह्यानेच.”

“ह्यानं?” त्या उठून उभ्या राहिल्या. “गिरनीनं छापली, वाण्यानं घ्येतली, आन् ह्यो बाद करनार? ह्यो कोन लागून ग्येलाय?”

आवाज असा चढला की मागच्या खोलीतून नवरा धावत आला आणि विचारू लागला, तुम्ही दोघी पुन्हा भांडताय की काय.