नवा पत्ता जरा लांब

त्यांचं खरं नाव गॅरेजच्या परवान्यावर होतं आणि परवाना कपाटामागे पडला होता, त्यामुळे सगळे त्यांना कानसेन म्हणत. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. पण इंजिन ऐकावं तर त्यांनीच. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. "दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह कुरकुरतोय," म्हणाले की तो कुरकुरतच असे. चाळीस वर्षांत त्यांनी गाड्या तर ऐकल्याच, शिवाय शेजारणीचं शिलाई मशीन, न्हाव्याची खुर्ची आणि एकदा एका पाहुण्याचं पोटही ऐकलं. पोटाचं निदान बरोबर निघालं.

पासष्टी उलटली आणि घरात गंमत सुरू झाली. बायको विचारी, "चहा ठेवू का?" तर हे म्हणत, "चाक? कुठल्या गाडीचं?" एकदा ती म्हणाली, "बहिणीचं पत्र आलंय," तर कानसेन शिडी लावून छतावर चढले, पत्रा बघायला.

"अहो, कान दाखवून या एकदा."

"माझे कान? अगं, या कानांवर हे घर उभं आहे!"

"म्हणूनच म्हणते, पाया तपासून घ्या."

शेवटी पैज लागली. पुढे जी पहिली अवघड गाडी येईल, तिचा दोष कानसेनांनी ऐकून काढला तर बायकोने कानाचा विषय वर्षभर काढायचा नाही. नाही निघाला, तर मुकाट्याने कानाच्या डॉक्टरकडे जायचं आणि यंत्र लावून घ्यायचं. कानसेन तावातावाने हो म्हणाले खरे, पण आतून धास्तावले. कान गेला तर कानसेनात उरतं काय? नुसता सेन!

मंगळवारी सकाळी नऊ वाजता दातांचे डॉक्टर आपली लाल गाडी घेऊन आले. या गाडीला सुपरचार्जर होता. म्हणजे इंजिनच्याच जोरावर, पट्ट्याने फिरणारा एक पंप. भूक नसली तरी आई लेकराच्या तोंडात घास कोंबते ना, तसा तो इंजिनात हवा कोंबतो. मग गाडी सुसाट पळते. किती हवा कोंबली जातेय हे दाखवायला समोर एक काटा असतो.

"काका, गाडीचा दम गेलाय हो. काटा आठवर जायचा, आता पाचावरच अडतो. जोरात पळवली की आणखी खाली येतो."

"कधीपासून?"

"पट्टा बदलल्यापासून."

डॉक्टर म्हणाले पट्टा. कानसेनांनी ऐकलं पत्ता.

"अरे वा! अभिनंदन! कसा आहे नवा?"

पट्ट्याबद्दल डॉक्टरांचं आजवर कुणी अभिनंदन केलं नव्हतं. पण कलावंत माणूस, असेल त्याची पद्धत. "तसा बरा आहे. जुन्यापेक्षा जरा लांब आहे."

"असू दे की लांब. सवय होते."

"चालेल ना? दुकानदारही तेच म्हणाला."

"दुकानदाराला काय विचारताय? घरच्यांना पसंत आहे ना?"

"घरच्यांनी अजून बघितलाच नाही."

बायकोला न दाखवता घर बदलणारा पुरुष कानसेन पहिल्यांदाच पाहत होते. त्यांच्या मनात डॉक्टरांबद्दल आदर दाटून आला.

मग तीन दिवस त्यांनी गाडीचा पिच्छा पुरवला. हवेची गाळणी काढली, ती स्वच्छ. कुठून हवा निसटतेय का बघायला सगळ्या नळ्यांना साबणाचं पाणी फासलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. जास्तीची हवा मागे वळवणारी झडप उघडीच राहिली असेल म्हणून ती खोलली, तर ती घट्ट मिटलेली. काट्यालाच ताप आला असेल म्हणून दुसरा काटा लावला, तोही पाचावरच. पट्ट्याकडे नजर गेली होती, पण तो नवाकोरा दिसत होता; त्याच्यावर संशय घेणं कानसेनांना अन्यायाचं वाटलं. स्क्रू-ड्रायव्हर लावून लावून कान लाल झाला. आवाज म्हणाल तर काहीच नाही. इंजिन आपलं मौनव्रत घेतल्यासारखं.

गुरुवारी जेवताना ते बायकोला म्हणाले, "डॉक्टरांनी घर बदललं. लांब घेतलंय. आणि बायकोला पत्ता नाही!"

बायको रीतीभातीची. शुक्रवारी अकरा वाजता डॉक्टर गाडी बघायला आले, तेव्हा तीही नव्या घरासाठी फुलांची कुंडी घेऊन गॅरेजात आली. कानसेनांनी नेमकं तेव्हाच इंजिन चालू करून जोर दिला. बायकोने कुंडी खाली ठेवून दोन्ही कानांवर हात दाबले.

"अहो, काय चिरकतंय हे?"

"कुठे काय चिरकतंय?"

"चिरकतंय तर!" डॉक्टर म्हणाले. "केव्हाचं चिरकतंय. म्हटलं, काकांना काय सांगायचं, ते तर ऐकतच असतील."

बायकोने कुंडी त्यांच्या हातात दिली. "ही नव्या घरासाठी. लांब आहे म्हणे. आणि घरी अजून सांगितलं नाहीत ते? बरं नव्हे हो."

डॉक्टर पांढरेफटक पडले. "कुठलं घर? कोण म्हणालं? आमच्या हिच्या कानावर गेलं का हे?"

"यांनाच नाही का सांगितलंत? पत्ता बदलला, नवा लांब आहे."

"पट्टा, काकू! पट्टा लांब आहे!"

गॅरेजात शांतता पसरली. ती मात्र कानसेनांना लख्ख ऐकू आली.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि पट्ट्यावर बोट दाबलं. पट्टा जुन्या झोळीसारखा खाली गेला. पंपाच्या चाकाभोवती काळी भुकटी, पट्ट्याची आतली बाजू घासून गुळगुळीत. लांब पट्टा ताणला जात नव्हता. जोर दिला की घसरायचा, चिरकायचा, आणि पंप अर्ध्या पोटीच फिरायचा. कानसेनांनी मापाचा पट्टा आणून चार वाजेपर्यंत बसवला. चक्कर मारून आले तर काटा आठवर.

"मानलं काका!" डॉक्टरांना पैजेचं काही माहीत नव्हतं. "चारचौघांत मी हेच सांगणार. ऐकूनच पकडलंत ना शेवटी?"

बायको कुंडीतलं वाळकं पान खुडत होती. चाळीस वर्षांचं नाव एका 'हो'वर टिकत होतं. कानसेनांनी फडक्याला हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

"नाही हो," ते म्हणाले. "ऐकलं असतं तर मंगळवारी साडेनऊलाच गाडी घरी गेली असती. सोमवारी गॅरेज बंद राहील. कान दाखवायला जायचंय."

सोमवारी वालाच्या दाण्याएवढं यंत्र कानात बसलं. दुपारी घरी आले तर बायको फरशी पुसत होती आणि पुसता पुसता तिचं काहीतरी चाललं होतं.

"...ग्रीसचे पाय घेऊन सगळीकडे हिंडायचं, हत्तीला तरी अक्कल असते..."

"अगं, हे मला म्हणतेयस?"

"मग काय फरशीला? दहा वर्षं म्हणतेय."

"रोज?"

"रविवारी जरा जास्त."

कानसेनांचा हात हळूच यंत्राच्या बटणाकडे गेला.

"हात खाली!" बायको म्हणाली. "आत्ता कुठे सुरुवात झालीय."