लग्नाचं अक्षर

मंठ्यात आमचा छापखाना. मी कॉम्प्युटरवर बसते, मालक गुरुकाका प्रूफ तपासतात. लोकांना वाटतं, फॉन्ट म्हणजे काय, बटण दाबलं की झालं! पण लग्नपत्रिकेच्या वळणदार कॅलिग्राफी फॉन्टसोबत किस्सेही साचत जातात. काही हसवतात. काही जेवताना आठवतात आणि घास हातातच राहतो.

*

कुंभार पिंपळगावचे एक मामा भाच्याची पत्रिका करायला आले. त्यांना वळणावर वळण हवं होतं. मी फिरवत गेले, शेवटी नवरदेवाचं नाव वाचता येईना. मी तसं सांगितलं, तर मामा म्हणाले, "नवरदेव कोन हाय ते सगळ्या गावाला म्हाईत हाय. तुम्ही अक्षर जोरात करा!"

*

आमच्याकडे लग्नाला वळणाचं अक्षर आणि दहाव्याला उभं, जाड. एकदा घाईत काकांनी दहाव्याचं कार्ड लग्नाच्या अक्षरात छापलं. त्या घरचा मुलगा कार्डं वाटत गेला. वाचता न येणाऱ्या एका आजीने कार्ड हातात घेतलं आणि हसून विचारलं, "कोनाचं ठरलं रं बाबा?"

त्याचा बाप गेला होता. काका त्याच्या घरी जाऊन माफी मागून आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

*

एका सरांच्या निवृत्तीचं मानपत्र होतं. सर स्वतःच आले. "माझं नाव साधंच ठेवा. वर आईचं नाव ह्या वळणाच्या अक्षरात टाका. तिनं जल्मभर अंगठाच दिला."

प्रूफ सरांनी घडी न घालता वहीत ठेवून नेलं.

*

आणि तुळशीराम आबा. जवळच्याच वाडीतले. त्यांचा एकुलता मुलगा अपघातात गेला. सून वनिता त्यांच्याकडेच राहिली. तिला आईबाप नाहीत, माहेरचा एक भाऊ. आबांनीच तिचं दुसरं लग्न जमवलं. पहिल्या लग्नाची पत्रिकाही आमच्याकडेच छापली होती.

दुसऱ्या लग्नाची पत्रिका इकडे साध्या, उभ्या अक्षरात काढतात, गुपचूप उरकल्यासारखी. भाऊ तसंच सांगून गेला, "साधीच करा ताई, बोभाटा नको."

प्रूफ बघायला आबा आले. त्यांनी कागद लांब धरून पाहिला आणि टेबलावर ठेवला.

"हे तर दहाव्याचं अक्षर हाय."

"आबा, दुसरं लग्न हाय," काका हळूच म्हणाले. "लोक नावं ठेवतील."

"ठिवू द्या! तिनं काय गुन्हा केला का? पहिल्या बारीला व्हतं तेच अक्षर लावा. बिलकुल तेच."

मी फॉन्ट बदलला. नव्या प्रूफवर वनिताच्या नावावरून आबांनी बोट फिरवलं, डोळे पुसले. मग बोट खाली आणलं, निमंत्रकाच्या जागेवर.

"इथं माझं नाव टाका. अन् वर तिच्या नावाआधी लिहा, आमची कन्या."

काका घुटमळले. "पण आबा, मागच्या पत्रिकेत तुम्ही सासरे..."

"बराबर हाय," आबा म्हणाले. "तवा पोरगा व्हता. आता पोरगी हाय."